जांभळं घर

‘पेशंट उपचारांना सहकार्य करत नाही.’

हे वाक्य मी माझ्या हातानं लिहिलेलं आहे. एकदा नाही, कित्येकदा. मी डायलिसिसची नर्स. नागपुरात शिकले, मुंबईत आठ वर्षं काढली आणि मग ऑस्ट्रेलियाच्या अगदी पोटात, अ‍ॅलिस स्प्रिंग्सला आले. कुठल्याही दिशेला गेलं तरी समुद्र रस्त्यानं हजार किलोमीटरच्या पलीकडे. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत वाढलेल्या मला इथल्या तांबड्या मातीची सवय व्हायला वेळ लागला. कपडे कितीही धुवा, पहिलं पाणी तांबडंच निघतं.

ज्या बाईंच्या फाइलमध्ये मी ते वाक्य सगळ्यात जास्त वेळा लिहिलं, त्या किंटोरच्या. अ‍ॅलिसपासून पश्चिमेला पाचशेहून जास्त किलोमीटर, बहुतेक कच्चा रस्ता. जमात पिंतुपी. फाइलवर जन्मतारीख होती १ जुलै. आमच्या युनिटमधल्या बऱ्याच वयस्कर आदिवासी पेशंटची जन्मतारीख १ जुलैच असते. हे कुणी मला समजावून सांगायची गरज पडली नाही. माझ्या वडिलांची आणि दोन्ही काकांची जन्मतारीख १ जून आहे. मास्तरांनी लिहून टाकलेली. बाईंचा जन्म वाळवंटात, आभाळाखाली झालेला. पिंतुपी लोकांमधलं नऊ जणांचं एक कुटुंब तर १९८४ पर्यंत बाहेरच्या जगाशी गाठ न पडता त्या वाळवंटात पूर्वापार राहत होतं. म्हणजे मी शाळेत जायच्या वयाची होत होते तेव्हा.

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार-पाच तास. बाई यायच्या, लोकरीची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मग एखाद्या आठवड्यात यायच्याच नाहीत. आणि मध्यरात्री अँब्युलन्समधून यायच्या, पाय सुजलेले, छातीत पाणी, पोटॅशियम नको तितकं चढलेलं. मी चिडायचे. काळजीपोटी चिडायचे असं तेव्हा स्वतःला सांगायचे. त्या हॉस्पिटलात त्यांच्या भाषेचा दुभाषी क्वचितच मिळायचा. इंग्रजी ही त्यांची चौथी की पाचवी भाषा, आणि मी त्या भाषेत त्यांना पोटॅशियम समजावत होते.

एकदा त्या दोन आठवडे दिसल्या नाहीत. आल्या तेव्हा केस अगदी बारीक कापलेले. नंतर कळलं, किंटोरला बहीण गेली होती. इथं घरात माणूस गेलं की सगळं सोडून माणसं जातात, दिवसचे दिवस एकत्र बसतात. इंग्रजीत त्याला ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. डायलिसिस चुकवून इतक्या लांब जाणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. तरी त्या गेल्या. सख्ख्या बहिणीच्या मातीला मी गेले नसते का? आणि माझ्या फाइलमध्ये मग कुणी काय लिहिलं असतं?

किडनी गेलेल्या वाळवंटातल्या माणसापुढे तेव्हा दोनच वाटा असायच्या. गाव सोडून कायमचं शहरात येऊन मशीनला बांधून घ्यायचं, नाहीतर गावात राहून काही दिवसांत मरायचं. शहरात यायचं म्हणजे भाषा गेली, नातवंडं गेली, आणि ज्या जमिनीची राखण करायची, जिच्या गोष्टी नि गाणी पुढच्या पिढीला द्यायची, तीही गेली. जगायचं, पण कशासाठी जगायचं ते मागं ठेवून.

या पेचातून वाट काढली ती किंटोर आणि त्याच्याही पलीकडच्या किविरकुरा गावच्या चित्रकारांनी. पिंतुपी लोकांची चित्रं जगभरच्या संग्रहालयांत आहेत. १९७२ पासून त्यांची स्वतःची कंपनी आहे, पापुन्या तुला. आपली माणसं शहरात एकेकटी मरताहेत हे बघून त्यांनी सरकारकडे गावात मशीन मागितलं. उत्तर ठरलेलं होतं: पाणी नाही, वीज भरवशाची नाही, परवडणार नाही. मग दोन्ही गावांतल्या बायका-पुरुषांनी मिळून चार मोठी चित्रं काढली, प्रत्येक गावाचं बायकांचं एक आणि पुरुषांचं एक. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीत, न्यू साउथ वेल्सच्या कलादालनात लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरच्या वर पैसे उभे राहिले. त्या पैशातून २००४ मध्ये किंटोरला पहिलं डायलिसिस झालं. ज्या जमिनीची चित्रं काढली, त्या जमिनीवर परत जाण्याचं भाडं त्या चित्रांनीच भरलं. मला हे आजही लिहिताना भरून येतं.

संस्थेचं नाव लांबलचक आहे: वेस्टर्न डेझर्ट ङनम्पा वाल्चा पाल्यान्चाकु चुटाकु. अर्थ साधारण असा, की आपल्या सगळ्या कुटुंबांना बरं करणं. अ‍ॅलिसमधली त्यांची इमारत जांभळ्या रंगाची, म्हणून सगळे म्हणतात पर्पल हाउस. मी मनात ‘जांभळं घर’ म्हणते. संचालक मंडळ आदिवासींचं. सेरा ब्राउन नावाची एक नर्स पहिल्या दिवसापासून त्यांच्या नोकरीत आहे. ‘त्यांच्या नोकरीत’ हे शब्द मी मुद्दाम लिहिते आहे.

मी पहिल्यांदा तिथं गेले ती सुटीच्या दिवशी, एका सहकारी मैत्रिणीबरोबर. दवाखान्यात शिरतेय असं वाटेचना. अंगणात विस्तव, निखाऱ्यात कांगारूच्या शेपट्या भाजत घातलेल्या, दोन-तीन कुत्री सावलीला पसरलेली, पोरं धावताहेत. आत तीच मशीनं, तेच पाण्याचे फिल्टर, तोच अलार्मचा आवाज. एका डायलिसिसला शंभर लिटरहून जास्त शुद्ध पाणी लागतं, ते इथंही तसंच लागत होतं. शास्त्रात तडजोड कुठंच नव्हती. पण माणसं भिंतीकडे तोंड करून पडलेली नव्हती.

आणि अंगणात, विस्तवापाशी, माझ्या ‘सहकार्य न करणाऱ्या’ बाई बसल्या होत्या. पानं निवडत होत्या आणि कशावरून तरी पोट धरून हसत होत्या. दीड वर्षात मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

त्यांनी मला ओळखलं. हाताशी जागा केली. पानांचा ढीग पुढ्यात ओढून दिला, म्हणजे निवड. मी निवडायला लागले.

त्या झुडपाला पिचंचाचरा या इथल्याच एका वाळवंटी भाषेत ‘इरमंका-इरमंका’ म्हणतात. पानं बारीक, लांबट, चिकट. बोटांना डिंकासारखा लेप बसतो आणि वास थेट नाकातून डोक्यात जातो. ती पानं कुटून तेलात मंद गरम करायची, फडक्यातून गाळायची, त्यात मधमाश्यांचं मेण विरघळवायचं आणि गार व्हायच्या आत छोट्या डब्यांत ओतायचं. आता ऑलिव्हचं तेल वापरतात, पूर्वी कांगारूची किंवा एमूची चरबी असायची. सर्दीला छातीवर, दुखऱ्या सांध्यांवर, डायलिसिसमध्ये पायात गोळे येतात तेव्हा पोटऱ्यांवर. या डब्या विकूनही घराला चार पैसे मिळतात. पण मला त्याहून मोठी वाटली ती दुसरीच गोष्ट. पाच तास सुयांना जखडून पडणारी बाई दुसऱ्या दिवशी कुणाला तरी औषध देणारी होती. हॉस्पिटलात ती नुसती घेणारी होती, रक्त तपासून घेणारी, बोलून घेणारी.

वासावरून मला काय आठवावं, तर निलगिरी. लहानपणी सर्दी झाली की आई रुमालावर दोन थेंब टाकून द्यायची. मला वाटायचं, हे आपल्या निलगिरी डोंगरातलं औषध. झाड मुळात इथलं, ऑस्ट्रेलियातलं. इथले लोक त्याची पानं वापरत आलेले होते. १८५०च्या दशकात व्हिक्टोरियात एका औषधविक्रेत्यानं त्याचं तेल काढायचा धंदा उभारला आणि ते जगभर गेलं. आमच्या रुमालापर्यंत येईस्तोवर ज्यांचं ते झाड, त्यांचं नाव वाटेत कुठंतरी गळून पडलं.

पुढं एकदा, मी तिथं कामावर असताना, आत एक ‘ङंगकारी’ आल्या होत्या. ङंगकारी म्हणजे मध्य वाळवंटातल्या लोकांचे वैदू. बायकाही असतात, पुरुषही. विद्या आजी-आजोबांकडून येते, बहुधा लहानपणीच. शब्द ‘ङ’नं सुरू होतो. शाळेत ‘क ख ग घ ङ’ घोकताना मला नेहमी प्रश्न पडायचा, हे अक्षर ठेवलंय कशाला, यानं एक शब्द सुरू होत नाही. त्याचं उत्तर मला इथं मिळालं. यांच्या भाषांत ‘ण’ही आहे, ‘ळ’ही आहे. माझे गोरे सहकारी त्या शब्दांपाशी अडखळतात आणि माझी जीभ मात्र घरी आल्यासारखी वळते. बाई खूश होऊन मला एकेक शब्द म्हणायला लावायच्या.

ङंगकारी काय करतात, ते मी एका बाजूला उभी राहून पाहिलं. बाईंच्या डाव्या हातात फिस्टुला आहे. तिथं शीर आणि धमनी जोडलेली असते, बोटं ठेवली की खालून रक्ताची बारीक थरथर लागते. सुई टोचायच्या आधी आम्ही नर्सेस ती थरथर बोटांनीच तपासतो. ती लागली नाही तर काळजाचा ठोका चुकतो. ङंगकारी बाईंनीही तिथंच बोटं ठेवली, डोळे मिटून, बराच वेळ. मग हात पोटाकडे, मग डोक्याकडे. चोळलं, दाबलं, फुंकर घातली, मुठीत काहीतरी धरल्यासारखं करून बाहेर टाकून दिलं. पाच-सात मिनिटांचं काम. उठताना माझ्याकडे बघून मान हलवली, की आता तू. मी त्याच जागी बोटं ठेवली, थरथर ऐकली आणि पहिली सुई घातली.

त्या जे जागेवर बसवतात त्याला ‘कुरुन्पा’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकात ‘आत्मा’ अशा अर्थाचा शब्द वापरलेला असतो, तो मला पटत नाही. आपल्याकडे आत्मा म्हटलं की गीता आठवते. कुरुन्पा घाबरतं, धसका घेतं, जागचं हलतं, आणि मग माणूस खात नाही, झोपत नाही, नुसता बसून राहतो. ङंगकारी ते हुडकून परत जागेवर आणतात. आपण म्हणतो ना, ‘जीव थाऱ्यावर नाही’? तो जीव. मराठी माणसाला हे समजायला एक वाक्य पुरतं. मात्र आपण ते नुसतं म्हणतो. थाऱ्यावर आणणारं माणूस आपल्याकडे आता उरलेलं नाही.

मी नर्स आहे, आणि मला माहीत आहे की फुंकर घालून पोटॅशियम उतरत नाही. ङंगकारींनाही माहीत आहे. त्या स्वतःच पेशंटला क्लिनिकमध्ये पाठवतात. काही दुखणी डॉक्टरची, काही आमची, अशी त्यांची वाटणी अगदी साफ असते. जुनं ते सगळं सोनं, असंही मी मानत नाही. मेळघाटात तान्ह्या लेकरांच्या पोटावर तापल्या विळ्याचे डाग देतात, ते डाग मी शिकाऊ असताना पाहिलेत. त्या लेकराचं रडणं अजून कानात आहे. परंपरेचं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ठरवावंच लागतं. पण ठरवणार कोण? बाहेरून आलेल्या माणसानं ठरवलं की इथं काय होतं, ते या देशानं भोगलेलं आहे. पश्चिम किनाऱ्याजवळ बर्नियर आणि डोर नावाची दोन बेटं आहेत. १९०८ ते १९१९ या काळात गुप्तरोगाच्या नावाखाली आदिवासींना पकडून, कित्येकांना गळ्यात साखळ्या घालून, तिथल्या ‘हॉस्पिटलात’ डांबलं. पुरुष एका बेटावर, बायका दुसऱ्या. शंभराहून जास्त माणसं तिथंच मेली. दवाखाना या शब्दाची आठवण ज्यांच्या घरात अशी आहे, त्यांना मी सहकार्य शिकवत होते.

म्हणून १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न वस्तीत आदिवासींनी स्वतःचा दवाखाना काढला, एका दुकानाच्या गाळ्यात, फुकट वेळ देणाऱ्या डॉक्टरांना हाताशी धरून. आज असे त्यांच्या स्वतःच्या मालकीचे दवाखाने देशभर १४० हून अधिक आहेत. अ‍ॅलिसमध्येच ‘काँग्रेस’ नावाची आदिवासींची आरोग्य संस्था १९७३ पासून आहे. तिच्या बायकांच्या विभागाला अलुकुरा म्हणतात, तो आजीच्या कायद्यानं चालतो, असं तिथल्या बायका सांगतात. तिथं तान्ह्या बाळाला आणि बाळंतिणीला पानांची धुरी देतात हे ऐकलं, तेव्हा मला शेगडी, ओवा, शेपा आणि आजीच्या खोलीतला तो कोंदट, सुखाचा वास आठवला.

किडन्या जातात कशानं, हेही सांगायला हवं, कारण सगळा राग डायबेटिसवर काढून चालत नाही. बऱ्याचदा गोष्ट लहानपणी खरजेपासून सुरू होते. खरूज खाजवून जखमा होतात, त्यात जंतू जातात, आणि त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःच्याच किडनीवर उलटतं. पुन्हापुन्हा. चाळिशीत मशीन लागतं. १९८०च्या दशकात पिचंचाचरा लोकांच्या ङनम्पा आरोग्य संस्थेचे यामी लेस्टर यांनी एक डॉक्टर, एक वास्तुरचनाकार आणि एक पर्यावरण आरोग्यवाला अशा तिघांना बसवून सांगितलं, की लोक आजारीच पडणार नाहीत असं काहीतरी करा. लेस्टर स्वतः आंधळे होते. १९५३ मध्ये ब्रिटिशांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात अणुचाचणी केली, तिचा काळा धूर त्यांच्या तळावरून गेला तेव्हा ते लहान होते. तिघांनी १९८७ मध्ये अहवाल दिला. पहिलं काम काय, तर लहान मुलाला रोज अंघोळ घालता आली पाहिजे. मग घरोघर जाऊन नळ, मोरी, वायरिंग बघितलं. आदिवासी घरं नासवतात असं सगळे म्हणत होते. मोजल्यावर निघालं की जवळपास सत्तर टक्के बिघाड नुसती देखभाल न झाल्यामुळे होते, बरेच मुळातल्या कच्च्या बांधकामामुळे, आणि मोडतोडीचे दहा टक्केही नव्हते. नळाचा वायसर बदलणं हे किडनीचं औषध आहे, हे मला कुठल्याही कॉलेजात शिकवलं नव्हतं.

आता कायद्यातही जागा झाली आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आदिवासी पेशंटसाठी त्यांच्या पारंपरिक वैद्यांचं सहकार्य घ्यावं असं लिहिलं आहे. सहकार्य! तोच शब्द, पण या वेळी तो आमच्याकडे मागितलेला. दूरच्या वाळवंटी गावातल्या डायलिसिसला २०१८ पासून मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना पैसे देते. तरीही आदिवासी आणि इतर यांच्या आयुर्मानात २०२०-२२ च्या आकड्यांनुसार आठ वर्षांहून जास्त अंतर आहेच. ते एका पिढीत बुजणार नाही.

हे लिहिताना गडचिरोलीचं शोधग्राम सारखं डोळ्यांपुढे येतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गोंडांनाच विचारलं, की तुमचा दवाखाना कसा हवा? आणि मग झोपड्यांसारख्या खोल्या झाल्या, नातेवाइकांना पेशंटपाशी राहता आलं, दवाखान्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. विचारणं हेच किती मोठं पाऊल होतं! जांभळ्या घराचं पाऊल त्याच्याही पुढचं आहे असं मला वाटतं. तिथं विचारायला कुणी आलंच नाही. घरमालकांनी आधी घर बांधलं आणि मग डॉक्टरांना, नर्सेसना, मशीनला पाहुणे म्हणून बोलावलं. पाहुण्यानं पायातल्या चपला कुठं काढायच्या, हे घरमालक सांगतो. ङंगकारी बाईंनी मला मान हलवून ‘आता तू’ म्हटलं, तेव्हा माझा नंबर दुसरा होता. त्यात मला काहीही कमीपणा वाटला नाही. उलट इतकं हलकं मला कामावर कधी वाटलं नव्हतं.

बाई पुढं अधूनमधून किंटोरला जाऊन राहायला लागल्या. तिथल्या मशीनवर जागा झाली की महिना-दोन महिने. परत आल्या की पानांची पिशवी बरोबर. एकदा मला एक डबी दिली, आणि माझ्या मनगटावर स्वतः चोळून दाखवली, कशी लावायची ते. रात्रंदिवस सुया टोचून माझं मनगट धरतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

त्या डबीतलं निम्मं मी गुडघ्यांसाठी आईला अचलपूरला नेऊन दिलं. आईकडे निर्गुडीचं तेल असतंच, दोन्ही बाटल्या एका फडताळात ठेवल्या. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला.

“अगं, ते तुझं मलम संपलं. त्या बाईंना म्हणावं, अजून द्या.”

“आई, त्या गेल्या.”

“अरेरे. दवाखान्यात?”

“नाही. त्यांच्या गावी. घरी.”

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “नाव काय गं होतं त्यांचं? मी कधी विचारलंच नाही.”

इथं गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत. कितीतरी काळ. त्या नावाची जिवंत माणसंही तोवर दुसऱ्या नावानं हाक मारून घेतात. मी आईला ते सांगितलं. मला वाटलं, तिला विचित्र वाटेल.

“त्यात काय,” आई म्हणाली, “मी तुझ्या बाबांचं नाव पन्नास वर्षांत उखाण्याशिवाय घेतलंय का?” मग म्हणाली, “पानं निवडायला तू शिकलीस ना त्यांच्याकडून? मग आता तू पाठव.”

रविवारी मी जांभळ्या घरी गेले. विस्तवापाशी त्यांची भाची बसली होती. तिनं हाताशी जागा केली.